नैमित्तिक रजेवरचा पहारा

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली, तेव्हा ‘संप’ या शब्दाची व्याख्या किती रुंदावली आहे याची राजधानीत फारशी चर्चा झाली नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही आता संप ठरतो. सामूहिक रजेचे हत्यार सरकारी कचेऱ्यांना जुनेच परिचयाचे. पण या तरतुदीची खरी झळ बसेल ती विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना.

कारण तेथे कायदेशीर संप जवळजवळ अशक्यच होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हवाई वाहतुकीला सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांत बसवले. संपाची नोटीस द्यावी तर तडजोडीची कार्यवाही सुरू व्हायची, आणि ती संपेपर्यंत संप बेकायदा. त्यातून आजारी पडण्याची वाट निघाली. संघटना बांधणाऱ्या सहकाऱ्यांच्या बडतर्फीनंतर सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक शेकड्यांनी ‘आजारी’ पडले. जुलै २०२२ मध्ये इंडिगोचे तंत्रज्ञ वेतनासाठी त्याच वाटेने गेले.

सार्वजनिक क्षेत्राची कहाणी अधिक बोलकी आहे. प्रफुल्ल पटेल मंत्री असताना २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. वैमानिकांच्या वेतनाच्या तऱ्हा मात्र दोनच राहिल्या. एप्रिल २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला, व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेतली. मे २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने, ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणात वाटेकरी नकोत म्हणून, ५८ दिवस काम थांबवले. विलीनीकरणाआधी शोधायचे उत्तर न्या. धर्माधिकारी समितीकडे मागितले गेले ते चार वर्षे उलटल्यावर.

या धुमश्चक्रीत अभियंते आणि मेकॅनिक कायम मागच्या बाकावर. विमान उड्डाणयोग्य असल्याची सही परवानाधारक अभियंत्याची असते. तिच्यावाचून कॅप्टन जागचा हलत नाही. महिनोन्‌महिने पगार न मिळालेल्या अभियंत्यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये सह्या थांबवल्या आणि किंगफिशर जमिनीवर आली. एअर इंडियाचे अभियांत्रिकी खाते तर स्वतंत्र कंपनी झाले, आणि जानेवारी २०२२ मध्ये विमाने टाटांकडे गेली तेव्हा सरकारच्याच पदरी राहिले.

संहितेत जमेची बाजू नाही असे नव्हे. ५१ टक्के कामगार पाठीशी असलेल्या संघटनेशीच मालकाला वाटाघाटी कराव्या लागतील. पण दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ नाही. मेकॅनिक कामगार ठरेल. कमांडर ठरेल काय? त्याच कमांडरवर २०१७ च्या नियमाने राजीनाम्यासाठी वर्षभराच्या पूर्वसूचनेची अट घातली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा मनुष्यबळाचे गणित कंपनीचे चुकले होते. सूट मात्र वैमानिकांच्या रात्रपाळीच्या मर्यादेतून दिली गेली.

आणखी एक गोम आहे. संहितेत ‘नैमित्तिक रजा’ हा शब्द आहे, आजारपणाच्या रजेचा उल्लेख नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेने ही संहिता मंजूर केली, तेव्हा विरोधी बाके बहिष्कारामुळे रिकामी होती. हा शब्दच्छल आता न्यायालयात सुटेल, आणि तोही विमानतळांवर प्रवासी खोळंबल्यानंतर.