उघड्या पाठीचा खर्ज

हल्ली खर्जाला मोठे दिवस आले आहेत. गाणे ऐकण्याची यंत्रे विकणाऱ्या कोणत्याही दुकानात जा, विक्रेता प्रथम आपल्या मालाचा ‘बेस’ ऐकवतो. दाराच्या काचा थरथरल्या म्हणजे तोही खूश आणि गिऱ्हाईकही खूश. त्याच यंत्रावर एखाद्या पुरुष गायकाची बैठक लावून तंबोऱ्याकडे कान द्यावा. जोडाच्या तारा बऱ्या वाजतात. खर्जाची तार आली की मात्र कोणी कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा आवाज होतो, आणि पंचम येऊन गेला तरी तो विरत नाही. १८८६ साली ज्या शहरात गायनशाळा निघाली, फैयाजखाँसाहेबांचा भरदार, ढाला आवाज ज्या शहराने १९५० पर्यंत ऐकला, त्या बडोद्यातल्या जुन्या घरांतही या दणक्यालाच खर्ज म्हणू लागले आहेत. नातवंडांच्या कानांवर तंबोऱ्याचा खरा घुमारा पडणारच नसेल, तर त्यांना गाण्यात काय गोडी वाटणार?

माझ्या मते हा दोष यंत्रापेक्षा खोक्याचा अधिक, आणि त्यावरचा उपाय आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर धूळ खात पडला आहे.

ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. म्हणजे एकाच शंकूतून दोन लाटा निघतात, आणि त्या परस्परांच्या उलट असतात. खालच्या स्वरांची लाट लांब असल्याने ती कडेला वळसा घालून दुसरीला गाठते आणि दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात. म्हणून पाठ बंद करण्याची युक्ती निघाली. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी लहानशा बंद खोक्यातून खोल स्वर काढून दाखवला, आणि त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण खोक्यातून निघालेला खालचा स्वर चारी दिशांना सारखाच पसरतो आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची या तिघींना एकदमच जागे करतो. आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत आठ फूट रुंदीच्या खोल्या पुष्कळ. आठ फुटांच्या दोन भिंतींमध्ये आवाज घुमतो तो सेकंदाला सुमारे ७० कंपनांना. आता काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार किती कंपनांची? सुमारे ६९! पिंप वाजते ते हेच. खोली नेमकी षड्जालाच दुजोरा देते आणि बाकीचे स्वर उपाशी ठेवते.

पाठ उघडीच ठेवली तर? इंग्रजीत या बांधणीला डायपोल म्हणतात. हिचा आवाज पुढे जातो, मागे जातो, पण दोन्ही बगलांना दोन लाटा सारख्याच पोचून एकमेकींना पुसून टाकतात. असा सबवूफर खोलीच्या लांबीकडे तोंड करून ठेवला की त्याच्या बगला आखूड भिंतींच्या अंतराकडे येतात आणि ते ७० कंपनांचे भूत उठतच नाही. ही कल्पना काही आजची नव्हे. आपल्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. त्याच्या पाठीला भोके पाडलेला पुठ्ठा तेवढा असे. म्हणजे तोही एका परीने डायपोलच होता, आणि त्यावरचे गाणे मोकळे वाटे ते केवळ जुन्या आठवणींमुळे नव्हे. इंग्लंडात पीटर वॉकर यांचा १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक ध्वनिक्षेपकही दोन्ही अंगांनी उघडाच होता. पुढे सिगफ्रीड लिंकविट्झ या जर्मन अभियंत्याने खर्जासाठी उघड्या चौकटी बांधून त्यांचे सारे गणित लोकांपुढे मोकळे केले. २०१८ मध्ये ते वारले.

या बांधणीची किंमत द्यावी लागते, ती लपवून उपयोग नाही. पुढून मागे जाण्याची वाट २० इंचांची असेल, तर ११५ कंपनांच्या सुमारास उघडा शंकू बंद खोक्याच्या बरोबरीने वाजतो. ५७ ला त्याचा दाब निम्म्यावर येतो आणि भरपाईला चौपट शक्ती लागते. २९ ला सोळापट. ज्यांना चित्रपटांतले तोफांचे बार घरी ऐकायचे आहेत त्यांनी हा नाद करूच नये, सरळ खोके आणावे. पण आपल्या बैठकीच्या गाण्यात साठाच्या खाली असते तरी काय? खर्जाचा षड्ज ६९ वर, मंद्र पंचम १०४ च्या आसपास. म्हणजे ज्या प्रांतात डायपोल लंगडा पडतो तिथे आपले गाणे सहसा जातच नाही, आणि जिथे ते नांदते तिथे डायपोल प्रामाणिक आहे. हा मला त्याच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा वाटतो.

आता माळ्याकडे वळू. मोडीत निघालेल्या रेडिओग्रॅममध्ये दहा-बारा इंची ध्वनिक्षेपक असतो. त्याचा लोहचुंबक पुष्कळदा दुबळा, म्हणून आजचे कारागीर त्याला हसतात. चुंबक दुबळा असला की शंकू आपल्या अंगच्या कंपनाशी जरा जास्तच झुलतो. बंद खोक्यात हा दुर्गुण होतो, पण उघड्या पाठीत खर्जाची जी घट येते ती हाच झोका थोडीफार भरून काढतो. मंडपातल्या कर्ण्यांच्या जोडीचे कडक ध्वनिक्षेपक त्या मानाने इथे निरुपयोगी. माझ्या खोलीत जो आहे तो बारा इंची दोन नगांचा. एक घरचा, दुसरा शेजारच्या काकांच्या रेडिओग्रॅममधला, जाती सारखीच. शंकूला बारीक चीर होती ती पातळ कागद आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल लावून बुजवली. १८ मिलिमीटर प्लायवूडची १६ इंच खोल चौकट, दोन्ही तोंडे उघडी, मधोमध आडवी फळी, तिच्यात एकावर एक दोन्ही नग. त्यांतला एक उलटा, चुंबक पुढे करून बसवायचा आणि त्याच्या तारा उलट जोडायच्या, म्हणजे शंकूच्या आतबाहेर जाण्यात जो सूक्ष्म फरक असतो तो एकमेकांत फिटतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. दोन्ही शंकू एकाच बाजूला हलले पाहिजेत. चौकट हादरू नये म्हणून वर शहाबादी फरशीचा तुकडा. स्वतंत्र ॲम्प्लिफायर, आणि त्याच्याआधी घट भरून काढणारी रेझिस्टर-कपॅसिटरची साधी जोडी. मागची भिंत निदान तीन फूट दूर हवी, आणि घरातल्या मंडळींशी खरा तंटा होतो तो या तीन फुटांवरून.

एका स्नेह्यांचे म्हणणे, विकत मिळते ते घरी कशाला करा? हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा याचे मला नवल वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते इथल्या हातांना काम यावे म्हणूनच. शिवाय दुकानदार आपली खोली पाहायला येत नाही. तिची रुंदी आपल्यालाच ठाऊक असते.

तेव्हा जुना रेडिओग्रॅम भंगारवाल्याच्या तागडीत जाण्यापूर्वी आतले चार स्क्रू तेवढे काढून घ्यावेत. आणि चौकट झाली की दोन्ही तोंडांना बारीक जाळी अवश्य ठोकावी. आपल्या घरांतल्या उंदरांना कागदी शंकू फार आवडतो.