शिबिरातला दुभाष्या

परदेशातल्या धर्मादाय वैद्यकीय शिबिरात पंधरा दिवस राबून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाविषयी पालक भरभरून बोलतात. पोरगा बदलून आला, म्हणतात. ते खरे असणार. या वयात माणूस बदलतो. एका भावाने आरोग्याचे काम करायचे आणि दुसऱ्याने शेतीचे, असे वर्ध्याकडची खेडी पाहून बंग बंधूंनी ठरवले, तेव्हा डॉ. अभय बंग तेरा वर्षांचे होते. आमचा प्रश्न रुग्णाच्या बाजूने आहे. भाषाच न येणारे ते मूल त्याच्या कितपत कामी आले?

१९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. त्यांतले दोघे मराठी मुलखातले: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस शिकलेसवरलेले डॉक्टर. तरीही तिथे जाऊन ते चिनी शिकले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. परमुलखात रुग्णाजवळ पोचायला इतके करावे लागते.

मध्य प्रदेशातल्या बोरगावच्या मुलाला आपल्या गावच्या शिबिरात ती वाट चालावी लागत नाही. इथे सौसर तालुक्यात घरी मराठी, शाळेत हिंदी. गोंड घरातला असेल तर आजीच्या तोंडी गोंडीही. आपल्या गावातले शिबिर आठवून पाहा. डॉक्टर बाहेरगावचा, चिठ्ठी इंग्रजीत, समजावणे हिंदीत. म्हातारी मान डोलावते आणि गोळ्या पदराच्या गाठीत बांधून निघते. ‘ही उपाशीपोटी, ही जेवल्यावर’ हे तिच्या बोलीत सांगून तिच्याच तोंडून वदवून घेणारा अकरावीतला मुलगा तिथे हवा. तो उपचाराचाच भाग आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत तर असे समजावणे फारच निकडीचे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून त्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक, आणि आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे बारावीच्या मुलाला नीट कळते. लग्नाच्या उंबरठ्यावरच्या आपल्या वर्गमित्रांना ते तोच सांगू शकतो. मात्र कोणाचाही तपासणीचा निकाल त्याच्या हाती पडू देऊ नका. गावात एका मुलीचे नाव फुटले की तिचे लग्न अडते.

सुई आणि औषधवाटपही त्याच्याकडे नको. रुग्णासोबतचे फोटो तर नकोतच. शाळकरी पोराला इंजेक्शन देऊ देणे हा रुग्णाचा अपमान आहे, मग शिबिर कुठल्याही देशातले असो.

आणि महिन्याने त्याला त्याच म्हातारीच्या घरी पाठवा. गोळ्या अजून गाठीतच दिसल्या, तर त्या का घेतल्या नाहीत हे विचारताना तो जे शिकेल, ते शिबिराच्या दिवशी शिकणार नाही. आमच्या मते मूल बदलते ते या दुसऱ्या भेटीत.

पुढच्या शिबिराची तारीख ठरली की आधी गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, पालकांची लेखी संमती घ्या आणि दर डॉक्टरामागे दोन विद्यार्थी मागून घ्या.