चोपन्न विजय कोणाचे?

क्रिकेटचा सामना जिंकला की विजय संघाच्या खात्यात जातो. गोलंदाजाच्या नावे फक्त बळी लागतात. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक जय-पराजय चेंडू फेकणाऱ्या एका पिचरच्या नावावर मांडतात आणि त्यावरून त्याची टक्केवारी काढतात. ही रीत मला मुळातच अन्यायाची वाटते.

तिथली पहिली व्यावसायिक संघटना, नॅशनल असोसिएशन, १८७१ ते १८७५ अशी पाचच वर्षे चालली. शेवटच्या वर्षी बोस्टनच्या अल्बर्ट स्पॉल्डिंगच्या नावे ५४ जय आणि अवघे ५ पराजय लागले. एक्क्याण्णव टक्क्यांहून अधिक! आकडा पाहून छाती दडपते. पण त्याच्या पाठीशी कोण होते? जॉर्ज राइट, रॉस बार्न्स, डीकन व्हाइट, कॅल मॅक्व्ही. हा संघ सामन्याला सरासरी दहा धावा काढी. आणि समोर? ब्रुकलिनच्या अटलांटिक्स संघाने त्या वर्षी ४४ पैकी दोनच सामने जिंकले. शिवाय तेव्हा चेंडू हात कमरेखाली ठेवूनच फेकावा लागे, आणि तो उंच हवा की खाली हे सांगण्याचा हक्क फलंदाजाला होता. म्हणजे चेंडू फटकावला जाणारच. तो अडवायचा बाकीच्या आठ जणांनी, तेही बहुधा उघड्या हातांनी. मग टक्केवारी एकट्याची कशी?

त्याच वर्षीचा न्यूयॉर्क म्युच्युअल्सचा बॉबी मॅथ्यूज पाहा. संघाचे जवळजवळ सगळे सामने या एकट्याने ओढले. २९ जय, ३८ पराजय; टक्के त्रेचाळीस. संघाने जिंकलेल्या तीस सामन्यांपैकी एकोणतीस याचे, हे त्या त्रेचाळिसात कुठे दिसते? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. निकाल लागला की लोक ‘किती टक्के?’ एवढेच विचारतात. घरी शिकवायला कोणी होते का, हे विचारीत नाहीत. म्हणून असेल, मॅथ्यूज मला जवळचा वाटतो.

कोणी म्हणेल, स्पॉल्डिंग १८७६ मध्ये शिकागोला गेला, तिथेही ४७ जय मिळवून अजिंक्यपद घेतले, आणि बोस्टन चौथ्या क्रमांकावर घसरले. आणखी पुरावा कोणता हवा? पण तो एकटा गेला नव्हता. व्हाइट, बार्न्स आणि मॅक्व्ही हे तिघेही त्याच्याबरोबरच गेले होते! स्पॉल्डिंग सामान्य होता असे मी मुळीच म्हणत नाही. त्याचा वाटा किती आणि त्या तिघांचा किती, हे ती टक्केवारी सांगूच शकत नाही, एवढेच माझे म्हणणे.

स्पॉल्डिंगला १९३९ मध्ये कूपर्सटाउनच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले. मॅथ्यूजच्या खात्यात कारकिर्दीअखेर २९७ जय होते. तो अद्याप बाहेरच आहे.