समुद्राचें चित्र कोठून काढावें?

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या चित्रप्रदर्शनांत समुद्राचीं चित्रें पुष्कळ आलीं होतीं, आणि त्यांतील बहुतेक सारखींच होतीं. निळें पाणी, पांढरा फेस, एक शिडाचें जहाज व मागें मावळता सूर्य. छापील चित्र समोर ठेवून तीं काढिलेलीं आहेत हें उघड दिसत होतें. तरी त्यांचा नीटनेटकेपणा पाहून परीक्षकांनीं त्यांतल्याच एकास पहिलें बक्षीस दिलें. त्या परीक्षकांत आम्हीही होतों. कोळीवाड्यांतून येणाऱ्या एका विद्यार्थ्याचें चित्र मात्र आम्हीं बाजूस ठेविलें. त्याचा समुद्र मातकट होता व लाटेस फेस नव्हता. "समुद्र असा कोठें असतो?" असें आम्हीं त्यास विचारिलें. "सर, आषाढांत असतो. आणि ही लाट अजून फुटली नाहीं," एवढेंच तो म्हणाला. त्याचें म्हणणें खरें होतें. आम्ही समुद्रापासून अर्ध्या मैलावर राहतों, आणि आम्हांस तें ठाऊक नव्हतें.

खवळलेल्या समुद्राचें चित्र काढूं इच्छिणाऱ्यानें तें कोठून काढावें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे. दुसऱ्याच्या चित्रावरून काढूं नये, हें कोणीही मान्य करील. मग समुद्रासमोर बसून काढावें काय? तेंही साधत नाहीं. लाट उभी राहून फुटते, तोंवर कुंचल्यास रंगही लागलेला नसतो. टर्नर या विख्यात इंग्रज चित्रकारानें हिमवादळांत सांपडलेल्या आगबोटीचें चित्र १८४२ सालीं प्रदर्शनांत मांडिलें, तेव्हां टीकाकारांनीं त्यास साबणाचा फेस म्हणून हिणविलें. आपण खलाशांकडून स्वतःस डोलकाठीशीं बांधून घेऊन चार तास तें वादळ पाहिलें, असें टर्नर सांगत असे. अभ्यासकांस ही गोष्ट संशयास्पद वाटते. पण ती खरी मानिली तरी त्यानें तेथें चित्र काढिलें नाहीं, केवळ पाहिलें, हें ध्यानांत घ्यावें.

याबाबतींत आमचा खरा साक्षीदार आयव्हाझोव्स्की हा आहे. काळ्या समुद्राच्या कांठीं फिओदोसिया बंदरांत १८१७ सालीं त्याचा जन्म झाला, व पुढें मोठी कीर्ति मिळाल्यावरही त्यानें आपली चित्रशाळा त्याच गांवीं थाटिली. विजेचा लखलखाट, वाऱ्याचा झोत, लाटेची उसळी हीं प्रत्यक्ष पाहतां पाहतां रंगवितांच येत नाहींत, तीं स्मरणांत सांठवावीं लागतात, असें त्याचें ठाम मत होतें. त्याचें 'नववी लाट' हें चित्र १८५० सालचें. तेव्हां तो तेहेतीस वर्षांचा होता. हें चित्र सेंट पीटर्सबर्ग येथील रशियन संग्रहालयांत असून त्याची रुंदी सुमारें ११ फूट व उंची ७ फुटांहून अधिक आहे. एकामागून एक येणाऱ्या लाटांत नववी सर्वांत भयंकर, अशी खलाशांची समजूत. रात्रभरचें वादळ सरलें आहे, मोडक्या डोलकाठीस कांहीं माणसें बिलगलीं आहेत, धुक्यांतून सूर्य वर येत आहे, आणि समोर ती लाट उभी आहे. तिच्या माथ्याशीं पाणी पातळ झालें आहे. मागून आलेला उजेड तेथें आरपार येऊन हिरवा दिसतो. असा हिरवा रंग मनानें रचतां येत नाहीं; तो कोणीं तरी पाहिलेला असावा लागतो.

तो दाखविण्यास तैलरंगासारखें दुसरें साधन नाहीं. जवसाच्या तेलांत घोटलेला रंग जलरंगाप्रमाणें घटकेंत वाळत नाहीं. तेल हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें, व त्यास कित्येक दिवस लागतात. म्हणूनच आकाशाचा एक रंग दुसऱ्यांत ओलेपणींच मिसळून टाकितां येतो. लाटेचें तसें नाहीं. तिचा खालचा फिका थर आधीं वाळूं द्यावा, मग त्यावर तेलानें पातळ केलेला पारदर्शक हिरवा लेप द्यावा. उजेड त्या लेपांतून आंत जातो, खालच्या थरावरून परततो, व लाट आंतून उजळल्यासारखी भासते. फेस सर्वांत शेवटीं, जाड पांढऱ्या रंगानें, आणि तोही थोडा. (आमच्या बक्षीसपात्र चित्रकारांनीं फेस सर्वांत आधीं काढिला होता.) असें थांबून थांबून काम चालतें, आणि तोंवर क्षणांत फुटून गेलेली ती लाट चित्रकाराच्या मनांत उभी राहिली पाहिजे.

स्मरणांतही एक धोका आहे, तो लपविणें बरें नव्हे. आयव्हाझोव्स्कीनें सुमारें सहा हजार चित्रें काढिलीं, व त्यांतील कित्येक एकमेकांसारखीं आहेत. हातास लाट पाठ झाली म्हणजे डोळे आळशी होतात. तरी ऐंशी वर्षें उलटल्यावर, १८९८ सालीं, त्यानें 'लाटांमध्यें' हें १४ फूट रुंदीचें चित्र काढिलें, त्यांत पाणी व उजेड यांवांचून दुसरें कांहीं नाहीं.

पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, तैलरंग महाग आहेत, ते इतक्यांत आणूं नयेत. कागद व कोळसा पुरे. मुलास बंधाऱ्यावरून, पाण्यापासून दूर उभें राहून, एकच लाट पाहूं द्यावी व घरीं आल्यावर ती काढावयास सांगावी. पहिल्या दिवशीं त्यास कांहीं आठवणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र तो काल काय निसटलें तें शोधावयास जाईल. चित्रें काढून पोट भरतें काय, असें कोणी विचारील. बहुतेकांचें भरत नाहीं, हें आम्ही कबूल करितों. परंतु आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें जर शिक्षकांनीं खोटें ठरविलें, तर तोच मुलगा उद्यां शास्त्राच्या प्रयोगांत नळींत दिसेल तें न लिहितां पुस्तकांत असेल तें लिहील. हें नुकसान बक्षिसाच्या नुकसानापेक्षां मोठें आहे, आणि तें आमच्या हातून झालें.

त्या विद्यार्थ्यानें आपलें चित्र त्याच दिवशीं घरीं नेलें, व यंदां त्यानें एकही चित्र दिलें नाहीं. तें मातकट समुद्राचें चित्र त्यानें ठेविलें असल्यास येत्या प्रदर्शनांत दर्शनी भिंतीवर लावावें अशी आमची इच्छा आहे, व तसें आम्हीं त्याच्या घरीं जाऊन त्याच्या वडिलांस सांगितलें आहे.