काकूंचं भानोलं, अम्मीचा टोप

किहीमला आमच्या घराला लागूनच एक सीकेपी कुटुंब राहतं. कोबीचं भानोलं आमच्या घरात आलं ते तिथल्या काकूंकडून. कोबी, कांदा आणि बेसन एकत्र करून खाली-वर निखारे ठेवून भाजायचं, ही त्यांच्या घरांतली जुनी रीत. अम्मीनं ते शिकून घेतलं आणि त्यासाठी जाड बुडाचा एक टोप वेगळा काढला. त्यात गोश्त-मासळी कधी शिजली नाही. सोमवारी, श्रावणात काकूंना आमच्या घरचं मोकळ्या मनानं खाता यावं, एवढ्यासाठीच.

अम्मी जाऊन चार वर्षं झाली. यंदा शिमग्यानंतर काका वारले आणि काकूंचं जेवणावरचं मनच उडालं. आम्ही माळ्यावरून तो टोप काढला. पहिलं भानोलं फसलं, आतून पिठासारखं चिकट राहिलं. चूक आमचीच. बेसन भिजवायला आम्ही वाटीभर पाणी ओतलं होतं. मिठानं कोबीलाच पाणी सुटतं, हे विसरलो.

साहित्य : बारीक चिरलेला कोबी ४०० ग्रॅम, कांदे २ (आपला अलिबागचा पांढरा असेल तर उत्तम, २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं), बेसन १ वाटी, तांदळाचं पीठ २ चमचे, ओलं खोबरं अर्धी वाटी, आलं-लसूण-हिरवी मिरचीचं वाटण २ चमचे, हळद, हिंग, कोथिंबीर, तेल ३ मोठे चमचे, चवीपुरतं मीठ.

कृती : कोबी-कांद्याला मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी टाकू नका. त्यातच बाकीचं सगळं आणि दोन चमचे तेल घालून हातानं कालवा. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं. फारच कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी शिंपडा. तेल लावलेल्या भांड्यात दीड इंच जाडीचा थर दाबून बसवा, वरून उरलेलं तेल सोडा. ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं.

ओव्हन नसेल तर गॅसवर जाड तवा, त्यावर टोप, घट्ट झाकण. मंद आचेवर २५ मिनिटांनी ताटात उलटून घ्या आणि दुसरी बाजू दहा मिनिटं खरपूस करा. निवल्यावरच वड्या पाडा. गरम असताना कापलं तर भुगा होतो. वरण-भाताशी छान लागतं, माशाच्या कालवणाशीही.

दुसरं भानोलं जमलं. सोमवारी टोपासकटच नेऊन दिलं. काकूंनी टोप लगेच ओळखला. दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या आईपेक्षा मिरची कमी घालतेस गं.”

दुसऱ्या दिवशी टोप परत आला. रिकामा नव्हता, त्यात चार कैऱ्या होत्या. येत्या सोमवारी मिरची वाढवणार आहोत.