निष्ठा कुणाशी? खुर्चीशी की खाटेशी?



पिपलानीत चार मराठी माणसे जमली आणि राजकारणाचा विषय निघाला की वडीलधारे म्हणतात, "पूर्वीसारखी पक्षनिष्ठा राहिली नाही हो!" आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. निष्ठा भरपूर आहे. फक्त ती मतदाराशी नाही. पुरावा हवा असेल तर मार्च 2020 आठवा.

11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची महासाथ जाहीर केली. त्या आठवड्यात आपले आमदार कुठे होते? ज्योतिरादित्य शिंदे यांच्या गटाचे बंगळूरला, काँग्रेसचे जयपूरला, भाजपचे गुरुग्रामला. बंगळूरच्या मंडळींत खुद्द राज्याचे आरोग्यमंत्री तुलसी सिलावट होते! दारात साथ आणि कारभारी परगावी.

16 मार्चला विधानसभा अध्यक्षांनी करोनाचे कारण देऊन अधिवेशन 26 मार्चपर्यंत तहकूब केले. सरकारला विश्वासमत टाळायचे होते, तेव्हा रोग बरा उपयोगी पडला! विरोधकांना घाई खुर्चीची. त्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. 20 मार्चला कमलनाथ यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी जबलपूरला राज्यातले पहिले रुग्ण सापडले. 23 मार्चला शिवराजसिंह चौहान यांनी एकट्यानेच शपथ घेतली. मंत्री आले 21 एप्रिलला. म्हणजे ऐन साथीत 29 दिवस राज्याला स्वतंत्र आरोग्यमंत्री नव्हता. भोपाळमध्ये तर आरोग्य खात्याचे वरिष्ठ अधिकारीच बाधित झाले होते.

याच काळात भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल केवळ करोनासाठी राखून ठेवले गेले. हे इस्पितळ 1984 च्या गॅसपीडितांचे. ज्यांची फुप्फुसे आधीच जळालेली, त्यांनाच दार बंद! लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये निर्णय फिरला.

आता थोडे स्वतःबद्दल. शिंदे हे नाव ऐकले की आपल्या जुन्या मराठी घरांचा ऊर भरून येतो. येऊ द्या, त्यात गैर काही नाही. पण आडनावाने कुणाचा ताप उतरत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये 28 जागांची पोटनिवडणूक झाली; 19 भाजपला, 9 काँग्रेसला. पक्ष बदललेले बहुतेक जण पुन्हा निवडून आले. जनता विसरते, हा पुढाऱ्यांचा हिशेब मतदारांनीच खरा करून दिला. मग दोष एकट्या पुढाऱ्यांना कसा द्यायचा?

म्हणून आमची एकच विनंती. पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला चहा जरूर द्या; आपली रीतच आहे ती. तो कोणत्याही पक्षाचा असो, चहाबरोबर एवढेच विचारा: "साहेब, पक्षाची बस एका दाराशी आणि आमचा रुग्ण दुसऱ्या दाराशी उभा असेल, तेव्हा तुम्ही कुठल्या दाराने बाहेर पडाल?"

उत्तर मिळेपर्यंत मत हातचे राखून ठेवा.