लेकीसाठीं घड्याळ

नांदेडांतील आमचे एक जुने स्नेही गेल्या वैशाखांत सकाळींच दारीं उभे राहिले आणि चहा येण्यापूर्वींच म्हणाले, "तुम्हांला घड्याळांतलें कळतें. तीन लाखांपर्यंतचें, बॅटरीचें नव्हे, यंत्राचें, उत्तम असें एक घड्याळ मला निवडून द्या." हे गृहस्थ तीस वर्षें शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेले, मनगटावर अजून एच. एम. टी.चें 'जनता'. तीन लाखांचा आंकडा ऐकून आम्हीं चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलें.

घड्याळ त्यांना स्वतःसाठीं नको होतें. त्यांची कन्या भूलशास्त्रांत एम. डी. झाली आणि आषाढापासून लातूरच्या एका रुग्णालयांत रुजू होणार होती. त्या प्रसंगीं तिला द्यावयाचें. दागिना कां नाहीं, असें विचारतांच ते थोडा वेळ गप्प बसले. मग सांगितलें तें असें: थोरल्या मुलाच्या मुंजींत त्याच्या मामांनीं त्याला घड्याळ दिलें. धाकटी दहावीला शाळेंत पहिली आली, तेव्हां तिनेंहि घड्याळच मागितलें होतें. वडील मंडळींनीं विचार करून तिला सोन्याच्या कुड्या केल्या. "ती कांहीं बोलली नाहीं. कुड्या लॉकरांत आहेत. एकदांहि घातल्या नाहींत तिनें."

यापुढें थट्टेस जागा नव्हती. तथापि भिडेखातर खोटें बोलणें आम्हांस जमत नाहीं. म्हणून पहिली गोष्ट आम्हीं सांगून टाकली कीं, नेमकी वेळ हीच गरज असेल तर हजार रुपयांचें बॅटरीचें घड्याळ तीन लाखांच्या यंत्रास हार जाणार नाहीं. १९६९ च्या नाताळांत जपानच्या सायको कंपनीनें क्वार्ट्‌झचें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडांतील कितीतरी कारखान्यांना टाळीं लागलीं. या घड्याळांतील स्फटिक सामान्यतः सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. यंत्राच्या चांगल्या घड्याळांत सेकंदाला आठ ठोके पडतात. 'क्रोनोमीटर' म्हणून तिकडे प्रमाणपत्र मिळालेलें यंत्रहि दिवसाकाठीं सरासरीनें चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें गेलेलें चालतें. पाण्यांत सोडलेलें घटिकापात्र बुडालें कीं चोवीस मिनिटें झालीं, असें मानून ज्यांनीं लग्नें लावलीं त्यांच्या वंशजांनीं चार सेकंदांसाठीं अडून बसूं नये हें खरें. पण मग पैसे कशाचे द्यावयाचे, हें तरी ठाऊक असावें.

स्नेह्यांचें उत्तर तयार होतें. "बॅटरीचें बिघडलें कीं फेकून देतात. हें तिच्या नातवंडांच्या काळांतहि कोणीतरी उघडून दुरुस्त करील."

उत्तर चांगलें होतें, परंतु अर्धेंच खरें होतें. तें कसें, हें त्यांना लातुरांत कळलें. मुलीसाठीं जागा पाहावयास आम्ही दोघे तेथें गेलों असतां, सोळा रस्ते जेथें येऊन मिळतात त्या गंजगोलाईंत एका वृद्ध घड्याळजींकडे वळलों. स्नेह्यांनीं मोबाईलवर निवडून ठेवलेलें घड्याळ त्यांना दाखविलें. त्यांनीं चित्र पाहिलें, भिंग कपाळावर सरकवलें आणि विचारलें, "हें बिघडलें तर उघडणार कोण?" त्या कंपनीचें यंत्र तिचें स्वतःचें, आणि सुटे भाग ती बाहेरच्या कारागिरास विकत नाहीं. पांच-सात वर्षांनीं तेलपाणी करावयाचें तर घड्याळ कंपनीकडेच पाठवावें लागणार, आणि एकेका खेपेचा खर्च सामान्य घड्याळांच्या किमतीएवढा. मग त्यांनीं स्नेह्यांच्या मनगटाकडे बोट केलें. एच. एम. टी.नें जपानच्या सिटिझनच्या साह्यानें बंगळूरांत १९६१ सालीं घड्याळें करावयास सुरुवात केली. २०१६ सालीं तो धंदा बंद करण्याचा निर्णय झाला. कारखाना गेला, पण 'जनता' अजून गांवोगांव दुरुस्त होते, कारण तिचें यंत्र उघडणारे हात गांवोगांव आहेत. तसेंच, बाहेरच्या कारागिरांना परिचित असें ई. टी. ए.सारखें यंत्र पुष्कळ स्विस कंपन्या आपल्या घड्याळांत घालतात. नांव मोठें, पण आंतलें इंजिन ओळखीचें. तें पाहून घ्या, एवढें सांगून वृद्ध पुन्हां आपल्या कामास लागले. सल्ल्याचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत.

परत येतांना स्नेही एकच वाक्य दोनदां बोलले: "मी किंमत पाहत होतों."

आतां उरलें माप. मुलीस विचारावें, असा आमचा आग्रह. तिला आधीं कळूं द्यावयाचें नाहीं, असा त्यांचा हट्ट. मनगट केवढें, हें मात्र बापास ठाऊक नव्हतें. त्यांनीं बांगडीचें माप आणलें. परंतु बांगडी हातावरून चढावी लागते, तिच्यावरून मनगट कळत नाहीं. अखेर वहिनींनीं लेकीच्या जुन्या घड्याळाचा टाकलेला पट्टा कपाटांतून काढला. तिसरें भोंक ताणून लांबट झालें होतें. त्यावरून साडेचौदा सेंटिमीटर निघाले. एवढ्या मनगटास तबकडी ३६ मिलिमीटरपर्यंत शोभते. मात्र पट्टा अडकवण्याचीं दोन टोकें मनगटाबाहेर जातां कामा नयेत.

बाकीचें तिच्या कामानें ठरविलें. शस्त्रक्रियेच्या खोलींत घड्याळ उतरावेंच लागतें. म्हणून रोज किल्ली द्यावयाचें नको, आपोआप किल्ली भरणारें आणि काढून ठेवल्यावरहि दोन दिवस चालणारें हवें. वारंवार हात धुणारीस चामड्याचा पट्टा निरुपयोगी. पोलादी सांखळी बरी. सेकंदकांटा मध्यभागींच हवा. शिवाय पाणी. घड्याळावर '३० मीटर' लिहिलेलें असलें तरी तें घालून पोहावें असा त्याचा अर्थ नाहीं. तें फक्त शिंतोड्यांपुरतें. आम्हीं तें अक्षरशः खरें मानून एका पर्वणीस गोदावरींत डुबकी मारली आणि घाटावर चढेपर्यंत कांचेखालीं धुकें जमलें होतें. तेव्हां १०० मीटर आणि पेंचानें आवळली जाणारी किल्ली, असें आम्हीं ठरविलें. एम. आर. आय.च्या खोलींत नेऊं नये, ही ताकीद तिला देण्याची गरज नव्हती. मोबाईलच्या लोहचुंबकी पाकिटानेंहि आंतली केसासारखी कमान चुंबकित होऊन घड्याळ भलतेंच पळूं लागतें, हें मात्र डॉक्टरांनाहि पुष्कळदां ठाऊक नसतें.

ज्येष्ठांत हैदराबादेस गेलों. दुकान उघडण्यास अवकाश होता म्हणून सालारजंग संग्रहालयांतील कुक अँड केल्व्हीच्या वाद्य-घड्याळापुढें जाऊन बसलों. बाराला दाढीवाला बाहुला बाहेर येऊन ठोके देऊं लागला तेव्हां शेंदीडशें माणसें तोंड उघडून पाहत होतीं. आमचे स्नेही तेवढे आपल्या 'जनते'शीं मेळ घालीत होते. ती दोन मिनिटें मागें होती.

दुकानांत 'मुलीसाठीं' म्हणतांच हिऱ्यामोत्यांनीं मढविलेलीं घड्याळें पुढें आलीं. आंत सगळीकडे बॅटरी. विक्रेता म्हणाला, स्त्रियांना हेंच आवडतें. त्यास आम्हीं नम्रपणें सांगितलें कीं, स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप कंपनीनें आपलें पहिलें मनगटी घड्याळ १८६८ सालीं केलें तें हंगेरीच्या एका सरदारपत्नीसाठीं. पुरुष त्या काळीं घड्याळ खिशांत ठेवीत आणि मनगटावर घालणें हें पहिल्या महायुद्धापर्यंत बायकी समजत. त्यानें मुकाट्यानें दुसरा कप्पा उघडला. तेथें हवें तें सांपडलें: ३६ मिलिमीटर, निळी तबकडी, ओळखीचें यंत्र. कंपनीचें नांव आम्ही लिहीत नाहीं. ही जाहिरात नव्हे. किंमत ठरविलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी अधिक पडली. दोन लाखांवर गेलें कीं पॅन द्यावा लागतो आणि रोख चालत नाहीं. दहा लाखांवर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का कर विक्रेता आधींच गोळा करतो. आमच्या मास्तरांस यांपैकीं कशाचाच उपद्रव झाला नाहीं.

रुजू होण्याच्या आदल्या दिवशीं देवापुढें ठेवून त्यांनीं तें लेकीच्या हातीं दिलें. तिनें उलटें करून पाहिलें, मनगटावर चढविलें आणि कांहीं न बोलतां आंतल्या खोलींत गेली. बऱ्याच वेळानें बाहेर आली तों कानांत कुड्या होत्या. लॉकर वहिनींनीं सकाळींच उघडला असावा.

आतां रोज रात्रीं साडेनवाला नांदेडहून लातुरास फोन जातो. घड्याळ किती सेकंद पुढें-मागें आहे, हें विचारावयाचें असतें. उत्तर एका वाक्याचें, फोन मात्र अर्ध्या तासाचा. मास्तरांनीं वही घातली आहे. परवां पाहिली तेव्हां सरासरी दिवसाला चार सेकंद पुढें, अशी तींत नोंद होती.